भाच्याचा प्रश्न आणि गुरुत्वाकर्षण

आमच्या घरात आई कन्नड बोलणारी, वडील मराठी. त्यामुळे आम्हा भावंडांची भांडणे मराठीत आणि गुपिते कानडीत, अशी लहानपणापासूनची वाटणी. थोरली बहीण लग्न होऊन इंदूरला गेली. सासरी कानडी कुणाला कळत नसल्याने तिची सोयच झाली. २०२५च्या मे महिन्यात तिचा फोन आला तो असाच, हळू आवाजात. "तम्मा, अवनिगे स्वल्प बुद्धी हेळो. तुझंच ऐकेल तो."

'तो' म्हणजे माझा भाचा. बारावी झालेली, गुण उत्तम, आणि आता इंजिनिअरिंगला जायचे नाही म्हणून हटून बसलेला. म्हणे बीएस्सी करणार, भौतिकशास्त्र घेणार, विश्वरचना शिकणार. भावजींचे म्हणणे एका वाक्यात होते. "विश्व कसे चालते ते शिकून घर कसे चालणार?"

मामाने भाच्याला चार गोष्टी समजावून सांगाव्यात, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. मी कॉलेजात मराठी शिकवतो. विज्ञानाशी माझे नाते दहावीनंतर सुटले. तरी बेळगावहून निघालो, पुण्यात गाडी बदलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच्या घरी पोहे खायला बसलो. इंदूरच्या पोह्यांवर शेव असते आणि जिरावन नावाचा मसाला भुरभुरलेला असतो. भाचा समोर बसून माझ्याकडे संशयाने पाहत होता. मामा कशाला आलाय, हे त्याला कळून चुकले होते.

गच्चीवरची रात्र

माळव्यातल्या रात्रींचे कौतुक उगीच होत नाही. दिवसभर भाजून काढणारे ऊन, पण रात्री गच्चीवर वारा सुटतो. तिथे सतरंजी टाकून आम्ही दोघे पडलो. मी सुरुवात करणार, तेवढ्यात त्यानेच विचारले, "मामा, गुरुत्वाकर्षण आधीपासून एवढंच होतं, हे कुणी बघितलंय?"

हाच प्रश्न त्याने शिकवणीच्या वर्गात विचारला होता. "परीक्षेत येत नाही, पुढे चला," असे उत्तर मिळाले. त्या वर्गाचे नाव घेत नाही. आपल्याकडचे बरेच वर्ग तसेच असतात. पण मुलाच्या मनातून प्रश्न गेला नाही.

प्रश्न असा. न्यूटनच्या नियमात एक आकडा येतो. दोन वस्तूंचे वजन आणि त्यांच्यातले अंतर ठाऊक असले तरी ओढ किती, हे सांगायला हा आकडा लागतो. त्याला गुरुत्वीय स्थिरांक म्हणतात. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ साली शिशाचे गोळे टांगून या ओढीचे नाजूक मोजमाप केले आणि पृथ्वीची घनता काढली. त्याच मोजणीतून हा आकडाही मिळतो. दोनशे वर्षे उलटली, तरी निसर्गातल्या मूलभूत आकड्यांपैकी सर्वांत कमी अचूकतेने माहीत असलेल्यांत त्याची गणना होते. नामवंत प्रयोगशाळांची उत्तरेसुद्धा चौथ्या-पाचव्या आकड्याशी येऊन जुळेनाशी होतात. नावात मात्र 'स्थिर' आहे. तो स्थिर कशावरून? काल वेगळा असेल, उद्या वेगळा होईल. तसे असेल तर आज खगोलशास्त्राला पडलेली काही कोडी सुटतील का?

दोन तराजू, दोन वजने

यातले सर्वांत गाजणारे कोडे म्हणजे विश्व किती वेगाने प्रसरण पावते आहे. एका बाजूला युरोपच्या प्लांक उपग्रहाची निरीक्षणे आहेत. विश्व अवघे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना मोकळा झालेला प्रकाश त्याने तपासला. त्यावरून हिशेब येतो की सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षे दूरची दीर्घिका आपल्यापासून सेकंदाला सुमारे ६७ किलोमीटर वेगाने लांब जाते. दुसऱ्या बाजूला जवळपासचे तारे आणि स्फोट पावणारे सुपरनोव्हा यांची अंतरे पायरी-पायरीने मोजणारे लोक आहेत. त्यांचा आकडा ७३च्या आसपास येतो.

एकच पोते दोन तराजूंवर ठेवले, एकाने ६७ किलो दाखवले आणि दुसऱ्याने ७३, तर काय म्हणावे? एखादा तराजू बिघडला असेल. पण दोन्ही तराजू वर्षानुवर्षे तपासले गेले, फरक काही जात नाही. मग कुणीतरी म्हणते, वजनच मधल्या वाटेत बदलले असेल तर?

व्हालेरिओ मार्रा आणि लिआंद्रोस पेरिव्होलारोपुलोस या दोघांनी २०२१ साली जवळपास असेच सुचवले. सुपरनोव्हाचा एक प्रकार अंतर मोजायला मैलाच्या दगडासारखा वापरतात, कारण त्याचे मूळ तेज ठरावीक असते असे आपण धरतो. हा स्फोट होतो श्वेतबटू ताऱ्याचा. असा तारा सूर्याच्या सुमारे १.४ पट वजनापर्यंतच तग धरू शकतो, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी तरुणपणी दाखवून दिले होते. ही मर्यादा गुरुत्वीय स्थिरांकावर अवलंबून आहे. स्थिरांक बदलला की मर्यादा बदलते, मर्यादा बदलली की स्फोटाचे तेज बदलते आणि मग आपले मैलाचे दगडच सरकतात. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत गुरुत्वाकर्षण आजच्यापेक्षा दहाएक टक्क्यांनी कमी होते असे मानले, तर ६७ आणि ७३ यांच्यातले अंतर मिटू शकते, असा त्यांचा हिशेब आहे.

मला हे पहिल्या रात्री अर्धेच कळले. पण एक गोष्ट पक्की कळली. मुलाचा प्रश्न पोरकट नव्हता.

कोल्हापूरचा मुलगा, बनारसचा फळा

आणि हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. १९३७ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांच्या लक्षात एक गंमत आली. अणूतल्या दोन कणांमधली विद्युत ओढ त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणापेक्षा किती पट मोठी? एकावर एकोणचाळीस शून्ये एवढी. विश्वाचे वय अणूच्या घड्याळाने मोजले तरी जवळपास तेवढाच अवाढव्य आकडा येतो. डिरॅक म्हणाले, हा योगायोग नसावा. विश्वाचे वय तर रोज वाढते आहे, मग दोन्ही आकडे जुळते राहायचे तर गुरुत्वाकर्षण हळूहळू क्षीण होत असले पाहिजे.

पुढे या वाटेने गेलेल्यांमध्ये कोल्हापुरात १९ जुलै १९३८ रोजी जन्मलेला एक मुलगा होता, जयंत नारळीकर. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. नारळीकरांनीच सांगितलेली एक आठवण मला फार आवडते. शिकायला घरी येऊन राहिलेले त्यांचे मोरूमामा भिंतीवरच्या फळ्यावर भाच्यासाठी एखादे अवघड गणित लिहून ठेवत. गणित सुटेपर्यंत किंवा भाचा हरलो म्हणेपर्यंत ते तसेच राही. हे मी गच्चीवर भाच्याला सांगितले आणि सांगता सांगताच चपापलो. तोही मामाच होता. त्याने फळा वापरला. मी बेळगावहून आलो होतो तो फळा पुसायला.

केंब्रिजला फ्रेड हॉयल यांच्याबरोबर नारळीकरांनी १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्याचे मर्म घरगुती भाषेत सांगता येते. बस अचानक सुटली की आपण मागे ढकलले जातो. हा जो जडपणा प्रत्येक वस्तूत आहे तो आला कुठून? अर्न्स्ट माख या विचारवंताचे म्हणणे होते की तो विश्वातल्या बाकीच्या साऱ्या वस्तूंमुळे येतो. हॉयल आणि नारळीकरांनी या कल्पनेला गणिताचे रूप दिले. एका कणाचे वस्तुमान हे इतर सर्व कणांच्या देण्यातून ठरते. निम्मे विश्व काढून घेतले तर सूर्याची पृथ्वीवरची ओढसुद्धा आजची राहणार नाही. याच विचाराच्या १९७०च्या दशकातल्या रूपांत गुरुत्वीय स्थिरांक काळाबरोबर हळूहळू कमी होत जातो. सिद्धांताची बातमी जगभर झाली आणि १९६५ साली, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी, नारळीकरांना पद्मभूषण मिळाले.

चंद्रावरचे आरसे

"मग हे खरं ठरलं का?" दुसऱ्या रात्री अक्काही वर आली होती, तिने विचारले. खरे सांगायचे तर, आजपर्यंत नाही.

पहिला मोठा आक्षेप एडवर्ड टेलर यांनी १९४८ सालीच घेतला होता. सूर्याचे तेज गुरुत्वीय स्थिरांकाच्या साधारण सातव्या घाताने वाढते. म्हणजे गुरुत्वाकर्षण फक्त १० टक्क्यांनी जास्त असते, तर सूर्य जवळजवळ दुप्पट प्रखर झाला असता. शिवाय पृथ्वी त्याच्या अधिक जवळून फिरली असती. डिरॅकचा हिशेब धरला तर पृथ्वीवर जीव वावरत होते त्या काळात समुद्र उकळायला हवे होते. खडकांतले जीवाश्म तसे सांगत नाहीत. २०२१च्या कल्पनेलाही उलट बाजूने हाच प्रश्न विचारता येतो. १५ कोटी वर्षांपूर्वी ओढ १० टक्के कमी, तर सूर्याचे तेज निम्म्यावर येते. पण तेव्हाही पृथ्वीवर जंगले होती आणि डायनोसॉर हिंडत होते.

दुसरी कसोटी चंद्रावर आहे. १९६९ साली अपोलो-११च्या अंतराळवीरांनी तिथे एक आरशांची पेटी ठेवली, नंतर आणखी काही ठेवल्या गेल्या. पृथ्वीवरून लेझरचा झोत सोडायचा आणि अडीचेक सेकंदांनी परत आलेला प्रकाश टिपायचा. त्यावरून चंद्राचे अंतर अत्यंत बारकाईने कळते. चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो, पण ते भरती-ओहोटीमुळे. तो हिशेब वजा केला की गुरुत्वाकर्षण क्षीण होण्यासाठी जागाच उरत नाही. डिरॅकच्या मते शंभर कोटी वर्षांत सुमारे ७ टक्के घट व्हायला हवी होती. चंद्राची मोजणी सांगते की आजच्या गतीने तेवढ्या काळात दहा हजारांत एक भाग एवढाही फरक पडत नाही. २०२३ साली आपल्या चांद्रयान-३च्या विक्रमवरूनही असाच एक छोटा परावर्तक चंद्रावर पोचला आहे.

तिसरी कसोटी १७ ऑगस्ट २०१७ची. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. त्यांच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर पोचल्या आणि त्यानंतर १.७ सेकंदांनी त्याच घटनेचे गॅमा किरण आले. १३ कोटी वर्षांची शर्यत आणि अंतर दोन सेकंदांपेक्षा कमी! म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा वेग प्रकाशाइतकाच. गुरुत्वाकर्षणाचे नियम बदलून विश्वाचे कोडे सोडवू पाहणारे कितीतरी सिद्धांत त्या एका दिवसात बाद झाले.

तरी दार पुरते बंद झालेले नाही. चंद्राची मोजणी गेल्या पन्नासएक वर्षांची आहे. फार पूर्वी एकदाच झालेला बदल तिला दिसणार नाही. ६७ आणि ७३चे भांडणही मिटलेले नाही. २०२५च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या 'डेसी' या दीर्घिकांच्या गणनेतून विश्वाचे प्रसरण वाढवणारी कृष्ण ऊर्जाच कमी होत असावी, असा इशारा मिळाला. तो पक्का ठरायचा आहे. पण स्थिर समजलेली गोष्ट पुन्हा तपासावी लागते, एवढे खरे.

अक्काचा प्रश्न

सगळे ऐकून अक्का काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे एवढा हुशार माणूस, आणि शेवटी हरलेल्या बाजूला. आमचा पोरगा असाच आयुष्यभर चुकीच्या प्रश्नामागे लागला तर?"

हा खरा प्रश्न होता. नोकरी, पगार हे वरवरचे. आईला भीती असते ती पोराचे आयुष्य वाया जाण्याची. मला तेव्हा उत्तर सुचले नाही.

दुसऱ्याच दिवशी, २० मे २०२५, मंगळवार, सकाळी बातमी आली की जयंत नारळीकर पुण्यात गेले. वय ८६. भाचा मोबाइल हातात धरून नुसता बसून राहिला. मग मी माझ्या लहानपणाबद्दल बोललो. आमच्या कपाटात आईची शिवराम कारंतांची 'बालप्रपंच' होती, तिच्या शेजारी नारळीकरांची 'यक्षांची देणगी'. विज्ञान ही आपल्याही भाषेतली गोष्ट आहे, हे आम्हाला त्या दोन पुस्तकांनी शिकवले.

आणि अक्काला उत्तर दिले. नारळीकर ज्या बाजूने उभे राहिले, ती स्थिर विश्वाची बाजू बहुतेक शास्त्रज्ञांनी १९६५नंतर सोडली, कारण महास्फोटाचा पुरावा मानला जाणारा प्रारणाचा अवशेष सापडला. १९९३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह तिचे सुधारलेले रूप मांडले, तेही फारसे कुणी स्वीकारले नाही. पण ते आपले म्हणणे नेहमी अशा रीतीने मांडत की मोजमाप करून ते खोडता यावे. फलज्योतिषाची त्यांनी परीक्षा घेतली तीही याच नियमाने, आकडेवारी घेऊन. १९८८ साली पुण्यात 'आयुका' उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. तिथे घडलेल्या पिढ्यांना त्यांच्याशी सहमत व्हायची अट नव्हती. जो प्रश्न तपासायला तयार असतो, तो चुकीचा ठरला तरी त्यामागचे आयुष्य वाया जात नाही, अक्का. तपासू न देणाऱ्या उत्तरामागे जाते.

ती काही बोलली नाही. पण जेवताना भावजींना तिने पहिल्यांदाच विचारले, बीएस्सीचे अर्ज कधी भरायचे असतात म्हणून.

'कॅट'च्या दारात

निघायच्या आदल्या दिवशी भाच्याने मला स्कूटरवरून राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या फाटकापर्यंत नेले. परवान्याशिवाय आत सोडत नाहीत. इंदूरकर त्याला अजून जुन्या नावाने 'कॅट'च म्हणतात; २००५ साली त्याला रामण्णांचे नाव दिले गेले. रामण्णा तुमकूर जिल्ह्यातले, अणुशास्त्रज्ञ आणि उत्तम पियानोवादक. मी भाच्याला म्हटले, "नम्मवरु!" तो हसला. तेवढे कानडी त्याला येते.

इथे येण्याचे कारण वेगळे होते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. केंद्र सरकारने २०२३च्या एप्रिलमध्ये तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी कळावा, असे यंत्र. त्यात पुण्याची आयुका आहे, गांधीनगर आणि मुंबईच्या संस्था आहेत, आणि लेझर व प्रकाशयंत्रणेच्या कामात इंदूरचे हे केंद्र आहे. गुरुत्वाकर्षणाबद्दल गच्चीवर पडलेला प्रश्न ज्या यंत्राला विचारायचा, त्याचा एक भाग अक्काच्या घरापासून स्कूटरवर जाता येईल इतक्या अंतरावर घडतो आहे.

मी त्याला आणखी एक नाव सांगितले. सी. व्ही. विश्वेश्वरा, बेंगळूरचे, नारळीकरांच्याच वर्षी, १९३८ साली जन्मलेले. कृष्णविवराला धक्का बसला तर ते घंटेसारखे निनादते आणि हळूहळू शांत होते, हे त्यांनी १९७० साली कागदावर दाखवले. अशा लहरी पकडणारे यंत्र तेव्हा कुठे होते? पहिली लहर पकडली गेली सप्टेंबर २०१५मध्ये आणि २०१६च्या फेब्रुवारीत ते जाहीर झाले. पुढच्या जानेवारीत विश्वेश्वरा गेले. पंचेचाळीस वर्षे थांबून त्यांनी आपले उत्तर ऐकले. एक कोल्हापूरचा, एक बेंगळूरचा. एकाचे म्हणणे मोजमापाने मानले नाही, दुसऱ्याचे मानले. दोघांनीही ते मोजमापासमोर ठेवले.

परतीच्या गाडीत बसलो, तेव्हा काहीच ठरलेले नव्हते. जूनमध्ये अक्काचा फोन आला, पुन्हा कानडीतच. "ओदली बिडु, तम्मा." भावजींनी एक अट घातली होती. जे शिकशील ते दर रविवारी मला मराठीत समजावून सांगायचे.

ती अट भाचा पाळतो आहे. पहिल्या सत्रात प्रयोगशाळेत लंबक टांगून पृथ्वीची ओढ मोजायची होती. पुस्तकात ९.८, याचे उत्तर आले ९.६. त्या रविवारी भावजींनी चष्मा लावून वही तपासली, दोनदा बेरीज केली आणि विचारले, "मग उरलेलं कुठं गेलं?"

भाच्याने तो दोरा पुन्हा मोजायचे कबूल केले आहे.